हल्ल्यातून वाचल्यानंतर जवळची माणसेच परकी का वाटू लागतात?

तुमच्या पत्रातील मजकूर थोडक्यात असा : कामावरून घरी परतताना एका अनोळखी माणसाने मागून येऊन तुमच्यावर जीवघेणा हल्ला केला, त्याला आता दीड वर्ष झाले. मानेवरची जखम भरली, तुम्ही पुन्हा कामावर रुजू झालात आणि बाहेरून पाहणाऱ्याला सारे सुरळीत दिसते. घरात मात्र नवऱ्याने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला की तुम्ही किंचाळता, आणि मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून तुम्हालाच अपराधी वाटते. आई ‘आता विसर ते’ म्हणाली की तिच्याशी बोलणेच नको होते. आठ वर्षांची मुलगी तुमच्या आसपास पाय न वाजवता वावरते. मैत्रिणींचे फोन तुम्ही उचलत नाही. हल्ला करणाऱ्यापेक्षा घरच्यांचाच राग अधिक येतो, याची तुम्हाला लाज वाटते. पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत : ‘त्या वेळी मी ओरडले का नाही?’ आणि ‘मी पुन्हा पूर्वीसारखी होईन का?’

आघातातून गेलेल्या स्त्रिया आणि त्यांची कुटुंबे यांच्यासोबत मी मानसशास्त्रज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करते आहे. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि त्यांतील बहुतेकींवर उपायही आहे, एवढे सुरुवातीलाच सांगते.

ओरडण्याचा प्रश्न आधी घेते, कारण तुम्ही तो शेवटी विचारला असला तरी बाकीच्या सगळ्या त्रासाच्या तळाशी तोच बसलेला दिसतो. जिवावरचा धोका उभा राहिला की मेंदूतील अमिग्डाला हा भाग विचार करणाऱ्या भागाची वाट न पाहता शरीराला कामाला लावतो. शरीर लढते, पळते किंवा जागच्या जागी थिजते, आणि यांपैकी काय होणार हे त्या क्षणी आपल्याला कोणी विचारत नाही. थिजण्याच्या तीव्र अवस्थेत अंग ताठ होते, आवाज फुटत नाही, हातपाय हलवावेसे वाटूनही हलत नाहीत, आणि तरीही आजूबाजूला काय चालले आहे ते कळत असते. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी अशी लक्षणीय निश्चलता अनुभवली होती, आणि ज्यांनी ती अनुभवली त्यांच्यात सहा महिन्यांनंतर आघातोत्तर ताणविकार (आघातानंतर दीर्घकाळ टिकून राहणारा मानसिक त्रास) व तीव्र नैराश्य यांचे प्रमाण अधिक होते. तुमच्यावरील हल्ल्याचा प्रकार वेगळा असला तरी शरीराची यंत्रणा तीच आहे. त्या संध्याकाळी तुमचा आवाज फुटला नाही तो तुम्ही भित्र्या आहात म्हणून किंवा प्रतिकार करायची तुमची इच्छा नव्हती म्हणून नव्हे. तुमच्या शरीराने त्याच्यापाशी असलेला सर्वांत जुना बचाव वापरला, आणि तुम्ही जिवंत राहिलात.

हे समजूनही दोष लगेच सुटत नाही, याचे एक कारण माझ्या अनुभवात वारंवार दिसते. स्वतःला दोष देण्यात एक छुपा दिलासा असतो. चूक माझी असेल तर पुढच्या वेळी ती टाळून मी सुरक्षित राहू शकेन. पण चूक माझी नसेल तर असे कोणाच्याही बाबतीत कधीही घडू शकते हे मान्य करावे लागते, आणि ते अधिक भयंकर वाटते. रॉनी जॅनॉफ-बुलमन या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९७९ साली यात एक उपयोगी भेद दाखवला होता. ‘मी त्या रस्त्याने गेले’ हा दोष एका कृतीला लागतो. ‘मी आहेच अशी, माझ्याच बाबतीत असे व्हायचे’ हा दोष संपूर्ण व्यक्तीला लागतो आणि तो माणसाला आतून पोखरतो. पत्रात तुम्ही ‘माझ्यातच काहीतरी कमी असेल’ असे एक वाक्य लिहिले आहे. उपचारांत सर्वांत आधी हाताळायचे ते हेच वाक्य.

आता लक्षणांविषयी. हल्ल्यानंतरचे पहिले काही आठवडे झोप न लागणे, दचकणे, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणे हे बहुतेकांना होते. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांची दर आठवड्याला तपासणी केली गेली. साधारण बाराव्या दिवशी त्यांपैकी ९४ टक्के स्त्रियांमध्ये अशी लक्षणे होती, आणि तीन महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. म्हणजे जवळपास निम्म्या स्त्रिया विशेष उपचारांशिवाय सावरू लागतात आणि उरलेल्यांचा त्रास तिथेच अडकून बसतो. लक्षणे महिन्यापेक्षा जास्त टिकली आणि रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागली, तर त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणजे पीटीएसडी म्हणतात. अमेरिकेच्या मानसविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात हे निदान १९८० साली आले. त्यापूर्वी अशा स्त्रियांच्या त्रासाला बऱ्याचदा केवळ ‘नाजूक मनाची’ असा शेरा मिळत असे. १९७४ साली ॲन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम यांनी रुग्णालयात आलेल्या बलात्कारपीडित स्त्रियांशी बोलून त्यांच्या त्रासाचे सुसंगत वर्णन केले, तेव्हा ते चित्र बदलू लागले. दीड वर्षानंतरही तुमची झोपमोड, दचकणे आणि टाळणे सुरू आहे, त्या अर्थी ‘काळ जाऊ दे, आपोआप बरे होईल’ या सल्ल्यावर आणखी विसंबून राहू नका.

नवऱ्याच्या स्पर्शाकडे येते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो. शरीर मात्र याहून पुढे जाते, ते समोर दूध आहे की ताक हे पाहण्याआधीच मागे हटते. हल्ल्याची आठवण साध्या आठवणींसारखी सलग कथेच्या रूपात साठवली जात नाही. तिचे तुकडे होतात : मागून येणारी चाहूल, मानेजवळचा दाब, एखादा वास, प्रकाशाचा विशिष्ट कोन. हे कुठे आणि कधी घडले याची नोंद ठेवणारी मेंदूतील व्यवस्था तीव्र भीतीच्या वेळी नीट काम करत नाही, त्यामुळे त्या तुकड्यांवर ‘हे होऊन गेले’ असा शिक्का बसत नाही. नवरा मागून येतो तेव्हा तुमचे शरीर फक्त दिशा, वेग आणि दाब ओळखते. हात कोणाचा आहे हे कळायला आणखी क्षणभर लागतो आणि तोवर किंकाळी निघून गेलेली असते. ती किंकाळी त्या संध्याकाळची आहे. तुमच्या नवऱ्याशी तिचा संबंध नाही.

हे तुम्हाला कुठेतरी ठाऊक आहे, पण त्याला ठाऊक आहे का? माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत बहुतेक वेळा असे घडलेले असते : ती दचकते, त्याला तो नकार वाटतो, तिला आणखी त्रास नको म्हणून तो दूर राहू लागतो, त्याच्या दूर राहण्याचा अर्थ ती ‘आता मी त्याला नकोशी झाले’ असा लावते आणि आणखी आक्रसून घेते. दोघेही एकमेकांना जपत असतात आणि दोघेही एकटे पडत जातात. हा फेरा तोडणारे बोलणे दचकण्याच्या प्रसंगानंतर लगेच करू नये, कारण तेव्हा तुमचे शरीर अजून धोक्यातच असते आणि त्याचे मन दुखावलेले असते. शांत वेळ निवडा, शक्यतो शेजारी शेजारी बसून किंवा चालताना बोला, आणि वाक्ये साधी ठेवा. ‘तू मागून आलास की माझे शरीर त्या माणसाला पाहते, मी तुला पाहते ते नंतर. मला तू जवळ हवा आहेस, पण समोरून ये आणि यायच्या आधी हाक मार.’ एवढे पुरेसे आहे. सगळी हकिकत सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर घरातले काही नियम दोघांनी ठरवून घ्यावेत. खोलीत येताना दारातूनच नाव घ्यायचे. झोपेतून उठवताना अंगाला हात न लावता पायथ्याशी उभे राहून हाक मारायची. ‘थांब’ म्हटले की थांबायचे, आणि का ते विचारायचे नाही. माझ्या पाहण्यातील एका जोडप्यात नवरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन फक्त ‘मी आहे’ एवढे म्हणत असे. सुरुवातीला तो शब्द ऐकूनही तिच्या हातातला चमचा क्षणभर थांबायचा, खांदे वर जायचे. मग ती श्वास सोडून ‘ये’ म्हणायची आणि मगच तो आत पाऊल टाकायचा. काही महिन्यांनी तिचे ‘ये’ आधी येऊ लागले, आणि एके दिवशी तो ‘मी आहे’ म्हणायला विसरला हे दोघांच्याही नंतर लक्षात आले. यात जादू काही नाही. शेकडो वेळा तीच चाहूल आली आणि त्यातून वाईट काही घडले नाही, हे शरीराला शेकडो वेळा दाखवावे लागते.

शारीरिक जवळिकीविषयी तुम्ही फार आडून लिहिले आहे, मी स्पष्ट लिहिते. मन नसताना, केवळ त्याला वाईट वाटू नये म्हणून संबंधांना होकार देऊ नका. तुम्ही सहन करत राहिलात तर तुमचे शरीर एवढेच शिकते की इथेही आपल्या नकाराला किंमत नाही, आणि मग हा पलंगसुद्धा धोक्याच्या जागांच्या यादीत जातो. ठरावीक काळासाठी, समजा सहा-आठ आठवडे, संभोग दोघांच्या संमतीने बाजूला ठेवावा आणि तसे मोठ्याने बोलून ठरवावे, म्हणजे प्रत्येक मिठीमागे ‘याच्या पुढे काय’ ही धास्ती राहत नाही. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० च्या सुमारास लैंगिक अडचणींसाठी टप्प्याटप्प्याने स्पर्शाकडे परतण्याची एक पद्धत मांडली होती. आघातानंतर तिच्यात मी एक बदल महत्त्वाचा मानते, तो म्हणजे सुरुवात नेहमी स्त्रीने करायची. आधी तुम्ही त्याचा हात हातात घ्यायचा. पुढे त्याचा तळवा तुमच्या हाताखाली ठेवून तुम्हीच तो कुठे न्यायचा ते ठरवायचे, जिथे शरीर आक्रसेल तिथून एक पायरी मागे यायचे आणि तिथेच तो दिवस संपवायचा. दिवा लावलेला, डोळे उघडे, मधूनमधून एकमेकांचे नाव घेतलेले. तुमच्या नवऱ्यासाठी एक सूचना अशी की तिची नजर एका जागी खिळली, श्वास उथळ झाला, उत्तरे एका शब्दात येऊ लागली, तर ती ‘नको’ म्हणाली नसली तरी त्याने थांबावे. अशा वेळी मन शरीर सोडून दूर गेलेले असते आणि तिला नकार देण्याचे भानही उरत नाही.

घरच्यांचा राग का येतो, याचे अर्धे उत्तर सोपे आहे. हल्ला करणारा समोर नाही, आणि घरचे मात्र रोज समोर आहेत. शिवाय राग दाखवूनही जी माणसे सोडून जाणार नाहीत त्यांच्यावरच तो निघतो. उरलेले अर्धे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते, आणि त्यात तुमची चूक मुळीच नाही. हल्ल्याने माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा, हालचालीवरचा, पुढच्या क्षणावरचा ताबा हिरावला जातो. नंतर काळजी करणारी माणसे न कळत तेच पुढे चालू ठेवतात. माझ्याकडे आलेली एक तरुणी आठवते, तिची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलते आहे. तिच्यावरील हल्ल्यानंतर भाऊ तिला कामावर सोडायला आणि आणायला जाऊ लागला. फोनवर ती कुठे आहे हे घरातल्या तिघांना दिसेल अशी सोय झाली. नातेवाइकांना काय सांगायचे ते आईने ठरवले, खटल्यात जबाब द्यायचा की नाही यावर वडील तिच्या माघारी वकिलांशी बोलले, तिची खोलीही दाराजवळची म्हणून बदलली. प्रत्येक गोष्ट मायेपोटी होती. ती मात्र दिवसेंदिवस अबोल होत गेली आणि एकदा जेवताना तिने ताट भिरकावले. घरच्यांना वाटले की आजार बळावला. तिने मला सांगितले ते असे होते : त्या माणसाने मला विचारले नाही, आणि त्यानंतर कोणीच मला विचारत नाही.

सावरण्याच्या सगळ्या वाटचालीत मी हाच धागा धरून ठेवते. कोणतेही नाते तुम्हाला बरे करते ते तुमचे निर्णय तुमच्या हाती परत देण्याच्या प्रमाणात. सोबत यायचे की नाही हे विचारणारा भाऊ आधार असतो, आणि न विचारता सोबत येणारा तोच भाऊ पहारा होतो. राग आला की स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा : आता, या क्षणी, माझ्या वतीने कोणी काय ठरवले? अनेकदा त्या रागाचे नेमके ठिकाण सापडते आणि मग ‘तुम्ही सगळे मला छळता’ याऐवजी ‘मला विचारल्याशिवाय मावशीला काही सांगू नकोस’ असे म्हणता येते. अशी मागणी पूर्ण होऊ शकते, आणि ती पूर्ण झाली की विश्वासही परत येऊ लागतो.

आईचे ‘विसर’ हे वाक्यही इथेच बसते. ती निष्ठूर नसावी. मुलीवर असे संकट आले, आपण तिथे नव्हतो, हे सहन न होऊन ती तो विषयच बंद करू पाहते. शिवाय जग न्यायाने चालते, नीट वागणाऱ्याचे वाईट होत नाही, ही समजूत सोडणे माणसाला फार जड जाते. ‘तू एकटी का गेलीस’ असे विचारणारे शेजारीपाजारी याच समजुतीला धरून असतात. तरीही अशा बोलण्याने होणारे नुकसान खरे आहे. लंडनमधील संशोधक ख्रिस ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी २००० साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा पीटीएसडी कोणाला होईल याच्याशी सर्वांत घट्ट संबंध असलेल्या गोष्टींमध्ये घटनेनंतर आधार न मिळणे ही होती. आधीचे आयुष्य कसे होते याचा संबंध त्या मानाने कमी निघाला. याच्या अगदी उलट टोकाची चूकही लोक करतात, ‘सगळे बोलून टाक, मन मोकळे कर’ म्हणून खोदून खोदून विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नुकत्याच आघातातून गेलेल्या व्यक्तीकडून एकाच बैठकीत सगळी घटना वदवून घेण्याच्या पद्धतीविरुद्ध सल्ला दिला आहे. ‘विसर’ आणि ‘बोल’ ही दोन्ही वाक्ये तुमच्यासाठी कोणी दुसऱ्याने ठरवलेली आहेत. कोणाला किती सांगायचे आणि कधी, ही मर्यादा तुम्ही आखा. आईला हकिकत सांगू नका हवे तर, तिला काम द्या. ‘मला सल्ला नको, रात्री झोप मोडली तर मी फोन करीन, तू फक्त फोनवर राहा.’ अनेक आया उपदेशापेक्षा हे काम फार चांगले करतात.

मुलीशी मात्र लवकर बोला. ती पाय न वाजवता चालते याचा अर्थ तिने स्वतःवर जबाबदारी घेतली आहे. जे कळत नाही त्याचे कारण मुले स्वतःत शोधतात. तिला तपशील नकोत. ‘एका माणसाने मला मारले होते, म्हणून मी अजून दचकते, त्यात तुझी चूक काहीच नाही, मी बरी व्हावे म्हणून मोठी माणसे मदत करत आहेत, आणि तू पूर्वीसारखी धावू शकतेस’ एवढे ऐकायला मिळाले पाहिजे. हे एकदा सांगून भागत नाही. पुढच्या वेळी तिच्या आवाजाने दचकलात की तिथेच ‘माझे शरीर दचकले, तू नाही काही केलेस’ असे म्हणा.

मैत्रिणींबद्दल थोडेच लिहिते. काहीच न वाटणे, आवडत्या माणसांबद्दलही बधिर होणे, हे या विकाराचे लक्षण आहे, स्वभाव बदलल्याची खूण नाही. एक मैत्रीण निवडा आणि ‘बोलायला जमत नाही, पण तू मला नको आहेस असे नाही’ असा निरोप पाठवा. नाते तेवढ्यावरही टिकून राहते.

उपचारांकडे वळते. टाळण्याने भीती वाढते, कारण टाळल्यावर लगेच हायसे वाटते आणि ते हायसे वाटणेच पुढच्या वेळी आणखी टाळायला लावते. एक रस्ता सुटतो, मग ती वेळ सुटते, मग संध्याकाळचे बाहेर जाणेच सुटते. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या दीर्घ सान्निध्य उपचारपद्धतीत ही साखळी उलटी फिरवतात. प्रत्यक्षात ते असे चालते : भीती वाटणाऱ्या पण खरोखर सुरक्षित असलेल्या गोष्टींची यादी करून प्रत्येकीला शून्य ते शंभर अशी भीतीची पातळी द्यायची. समजा भरदिवसा बहिणीसोबत त्या रस्त्याच्या तोंडाशी उभे राहण्याला तुम्ही चाळीस दिलेत. तिथे जाऊन उभे राहायचे. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पळावेसे वाटते. पाच-पाच मिनिटांनी आकडा मनात म्हणायचा आणि भीती निम्मी होईपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, तिथून हलायचे नाही. भीती चढते तशी उतरतेही, हे शरीराला पहिल्यांदा तिथे कळते. तेच पुन्हा पुन्हा, सोपे होईपर्यंत. मग पुढची पायरी. हे प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखालीच सुरू करावे, आणि जी जागा आजही धोक्याची आहे ती या यादीत कधीच येत नाही.

पॅट्रिशिया रेझिक यांची आकलन-प्रक्रिया उपचारपद्धती साधारण बारा बैठकींची असते आणि तिचा रोख ‘मी ओरडायला हवे होते’, ‘आता कोणावरच विश्वास नाही’ अशा रुतून बसलेल्या विचारांवर असतो. तुमचे पत्र वाचून मला ही पद्धत तुमच्यासाठी विचारात घेण्यासारखी वाटली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिन शपिरो यांनी मांडलेल्या ईएमडीआर पद्धतीचाही (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत) चांगला उपयोग होतो. नवरा तयार असेल तर कँडिस मॉन्सन यांनी जोडप्यांसाठी तयार केलेली पंधरा बैठकींची पद्धत आहे, तिच्यात पीटीएसडीवर आणि नात्यावर एकाच वेळी काम होते.

वाईट स्वप्नांवरही स्वतंत्र उपाय आहे. बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी २००१ साली लैंगिक अत्याचारातून गेलेल्या आणि दुःस्वप्नांनी त्रस्त असलेल्या १६८ स्त्रियांवर त्याचा अभ्यास केला. जागेपणी एक स्वप्न निवडायचे, त्यात आपल्याला हवा तसा बदल करायचा आणि बदललेले स्वप्न रोज काही मिनिटे मनात उभे करायचे. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नाने करायची नसते. एका स्त्रीने आपल्या स्वप्नातील बंद जिन्याला फक्त एक खिडकी काढली होती, आणि तिची झोप सुधारायला त्या खिडकीची मदत झाली. औषधांमध्ये सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन यांचा पीटीएसडीसाठी उपयोग सिद्ध झालेला आहे. मनोविकारतज्ज्ञ ती देऊ शकतात. बेन्झोडायझेपिन गटातील झोपेच्या व शांततेच्या गोळ्या मात्र या विकारावर उपाय नाहीत आणि त्यांची सवय लागते. तुम्ही त्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंदही करू नका.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण हे उत्तर इतर स्त्रियाही वाचतील. हल्ला करणारा घरातलाच असेल, नवरा किंवा जोडीदार असेल, तर जवळिकीबद्दल वर लिहिलेले काहीही लागू होत नाही. तिथे दचकणे हा जुन्या आठवणींचा खेळ नसतो, तो खरा इशारा असतो, आणि सुरक्षित जागा व सुटण्याची योजना हे पहिले काम असते. तसेच मरून जावेसे वाटणे, स्वतःला इजा करणे, झोपेसाठी रोज दारूवर विसंबणे, यांपैकी काही होत असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा मदतवाहिनीकडे जावे.

तुमच्या नवऱ्याविषयी शेवटचे. त्यालाही ‘मी तिथे नव्हतो’ हे छळत असणार. त्याने ते बोलावे, पण तुमच्यापाशी नव्हे. मित्रापाशी, भावापाशी किंवा समुपदेशकापाशी. त्याचे दुःख सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर पडली की तुम्ही आपले दुःख लपवू लागाल.

आणि पूर्वीसारखी? हल्ल्याआधी तुम्हाला जे माहीत नव्हते ते आता माहीत आहे, आणि ते परत न-माहीत करता येत नाही. पण उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये मी काय पाहते ते सांगू शकते. दचकणे पुष्कळ कमी होते आणि झाले तरी लवकर ओसरते. आठवण येते, पण ती भूतकाळातली म्हणून येते. झोप लागते. रागाला कारण सापडते आणि तो थांबतो. घटनेचा वर्षदिन, न्यायालयातील तारीख किंवा तशाच हल्ल्याची बातमी यांनी काही दिवस पुन्हा त्रास होतो. तेव्हा सारे मुसळ केरात गेले असे वाटते, पण ती सूज तात्पुरती असते. काही स्त्रियांना पुढे नाती अधिक खोल झाल्यासारखी वाटतात, आणि टेडेस्की व कॅलहून यांनी १९९६ साली अशा बदलांचे मोजमापही मांडले. मात्र ‘या संकटाने तुला कणखर केले’ असे तुम्हाला कोणी ऐकवत असेल तर ते मान्य करण्याचे बंधन तुमच्यावर नाही. वाढ झाली तर ती तुमच्या कष्टाने होते, त्याचे श्रेय हल्ल्याला नको.

पहिल्या भेटीला जाण्यापूर्वी समोरच्या तज्ज्ञाला तीन गोष्टी विचारा : आघातावर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता, मधेच थांबावेसे वाटले तर थांबता येईल का, आणि इथे बोललेले कोणाला कळेल. नीट उत्तरे मिळाली नाहीत, किंवा पहिल्याच दिवशी सगळे सांगण्याचा अथवा हल्लेखोराला माफ करण्याचा आग्रह झाला, तर दुसरीकडे जा. जाताना गेल्या आठवड्यातील दचकण्याचे दोन-तीन प्रसंग कागदावर लिहून न्या, म्हणजे हल्ल्याची हकिकत न सांगताही काम सुरू करता येते. नवऱ्याला सोबत न्यायचे की बाहेर थांबवायचे की घरीच ठेवायचे, ते तुम्ही ठरवा आणि त्याला आदल्या दिवशी सांगा.